साबणाने पाण्याचा कठीणपणा मोजू या: हा प्रयोग पहिल्यांदा घेणाऱ्या शिक्षकांसाठी

सातवी ते नववीच्या वर्गात हा प्रयोग बहुतेक ठिकाणी असा उरकला जातो. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाचा चुरा टाकून खळखळ हलवायचं. एकीत फेस भरपूर, दुसरीत कमी. "म्हणून बोअरचं पाणी कठीण" असं फळ्यावर लिहिलं की तासिका संपली. मुलं खूश असतात, निष्कर्षही बरोबर असतो, पण मोजलेलं काहीच नसतं. साबण किती घातला, किती वेळ हलवलं, फेस किती टिकला, कशाचाच हिशेब नाही. आदल्या दिवशी तासभर तयारी केली तर जवळपास याच साहित्यात मुलं स्वतः आकडा काढू शकतात. हा लेख त्या आकड्यासाठी आहे.

आधी नळीत काय चालतं ते थोडक्यात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले की पाणी कठीण होतं. साबण म्हणजे स्टिअरिक, पामिटिक अशा मेदाम्लांचा सोडियम क्षार. तो कठीण पाण्यात पडला की कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. बादलीच्या काठाला बसणारा तो राखाडी-पांढरा चिकट साका हाच. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपेपर्यंत घातलेला साबण साक्यातच जातो, फेसाला काही उरत नाही. ते संपलं की पुढचा साबण फेस करायला मोकळा. म्हणजे टिकाऊ फेस यायला किती साबण लागला, हेच कठीणपणाचं माप.

ही युक्ती नवी नाही. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या सुमारास साबणाच्या द्रावणाने कठीणपणा मोजायची पद्धत बसवली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं प्रयोगशाळांमध्येही हीच पद्धत चालली. ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून ठेवणाऱ्या रसायनाची पद्धत आल्यावर ती शाळेपुरती उरली.

साबण निवडताना

सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. धुण्याची पावडर, भांड्यांचं लिक्विड, शाम्पू, बहुतेक हँडवॉश हे साबण नव्हेत, डिटर्जंट आहेत. त्यांचा कॅल्शियमबरोबर असा साका बनत नाही. बोअरच्या पाण्यातही ते छान फेसाळतात आणि मुलं लिहितात, "दोन्ही पाणी सारखंच." कपडे धुण्याचा निळा-हिरवा बारही बहुधा डिटर्जंटचाच असतो. पिवळट जुन्या पद्धतीचा कपड्यांचा साबण खरा साबण असतो, पण त्यात धुण्याचा सोडा आणि सोडियम सिलिकेट मिसळलेलं असतं, आणि सोडा स्वतःच पाणी मऊ करतो. म्हणून तोही नको.

आंघोळीचा साधा पांढरा साबण घ्या. वेष्टनावर 'टीएफएम' म्हणून टक्केवारी छापलेली असते, ते साबणातल्या मेदाचं प्रमाण. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तो ग्रेड १ चा साबण, तो उत्तम. वेष्टनावर 'टॉयलेट सोप' असं असायला हवं. 'बाथिंग बार' असेल तर त्यात डिटर्जंट मिसळलेलं असू शकतं. पारदर्शक ग्लिसरीनचा, क्रीमवाला, फार रंगीत साबण टाळा. घटकांच्या यादीत बऱ्याच साबणांत ईडीटीएचं नाव दिसेल. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं, पण त्याचं प्रमाण फार थोडं असतं आणि खाली दिलेल्या पद्धतीत तो फरक आपोआप वजा होतो, तेव्हा घाबरू नका.

शंका असेल तर वर्गात न्यायच्या आधी तपासा. चिमूटभर एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवा आणि त्यात साबणाचं द्रावण थेंबथेंब सोडा. पाणी दुधाळ होऊन पांढरे तंतू दिसू लागले तर साबण खरा. पाणी स्वच्छ राहून लगेच फेस आला तर तो डिटर्जंट.

आदल्या दिवशी करून ठेवायचं

लागणारं साहित्य जवळपास सगळं गावात मिळतं. डिस्टिल्ड वॉटर किंवा डिमिनरलाइज्ड वॉटर गॅरेजमध्ये, बॅटरीच्या दुकानात मिळतं. पाच लिटरचा कॅन आणला तर दोन वर्गांना पुरतो. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, औषधाच्या दुकानात मिळेल, शाळेच्या कपाटातही बहुधा असेलच. दोन मिलीच्या सिरिंज गटागणिक एक, सुया दुकानातच ठेवून आणा. एकाच मापाच्या, बूच असलेल्या परीक्षानळ्या किंवा औषधाच्या छोट्या पारदर्शक बाटल्या. आणि एक बारीक वजनकाटा. दागिने तोलायचा खिशातला डिजिटल काटा यासाठी फार सोयीचा.

साबण किसणीवर बारीक किसा. एक ग्रॅम कीस १०० मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका आणि हळूहळू ढवळा. उकळू नका, जोरात हलवू नका, नाहीतर नुसता फेस होतो आणि कीस तळाशी तसाच राहतो. रात्रभर ठेवून सकाळी वरचं नितळ द्रावण ओतून घ्या. नळाच्या पाण्यात हे द्रावण कधी करू नका, त्यातला साबण आधीच खर्ची पडलेला असेल. थंडीत हे द्रावण जेलीसारखं घट्ट होतं. बाटली गरम पाण्यात धरली की परत पातळ होतं. आठवड्याभरात वापरून टाका.

आता माहीत असलेल्या कठीणपणाचं पाणी करायचं. बहुतेक शाळा हेच वगळतात, आणि आकडा तर यावरच उभा आहे. २.५ ग्रॅम एप्सम सॉल्ट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून द्रावण एक लिटर करा. याचा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला साधारण १००० मिलिग्रॅम येतो. (हिशेब काटेकोर हवा असेल तर वजन २.४६ ग्रॅम.) त्यातलं २० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटर घालत १०० मिली करा, म्हणजे २०० मिलिग्रॅमचं पाणी तयार. बाटलीवर 'प्रमाण पाणी २००' असं लिहून ठेवा.

मुलं इथे विचारतात की यात मॅग्नेशियम आहे, मग कठीणपणा 'कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात' कसा? हा निव्वळ संकेत आहे. पाण्यात कॅल्शियम असो की मॅग्नेशियम, तेवढाच परिणाम करायला किती कॅल्शियम कार्बोनेट लागलं असतं, तो आकडा सगळीकडे देतात, म्हणजे दोन गावांची तुलना करता येते.

नमुने

मुलांना घरून पाणी आणायला सांगा. बाटलीवर चिठ्ठी हवी: कुठलं पाणी, कोणत्या दिवशी भरलं, विहीर की बोअर की नळ. बोअरचं असेल तर मोटर चालू करून थोडा वेळ जाऊ द्यावा, मग भरावं. पाइपात साचलेलं पाणी नको. बाटली साबणाने किंवा भांड्यांच्या लिक्विडने धुतलेली नसावी. आतल्या बाजूला राहिलेल्या थोड्याशा डिटर्जंटनेही फेस फसवतो. ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्याने तीनदा विसळायची.

आरओचं पाणी एका तरी मुलाला आणायला लावा, ते तुलनेला फार उपयोगी पडतं. पावसाळ्यात पावसाचं पाणी उघड्यावर भांडं ठेवून धरा. सिमेंटच्या स्लॅबवरून पन्हाळीने आलेलं नको, ते वाटेत थोडा चुना उचलतं.

प्रत्यक्ष प्रयोग

पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाला एक सिरिंज, साबणाचं द्रावण आणि तीन नळ्या. पहिल्या नळीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत प्रमाण पाणी, तिसरीत त्या गटाचा नमुना. प्रत्येकी बरोबर १० मिली, आणि तिन्ही वर्गाच्या तापमानाला.

१. सिरिंजने ०.१ मिली साबणाचं द्रावण घाला. बूच लावा. अंगठा लावून हलवायची सवय मोडा, अंगठ्याचं तेल आणि आधीच्या नळीचा साबण पाण्यात जातो.

२. दहा सेकंद हलवा. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ, तेवढ्याच जोराने. शक्यतो एका गटात एकाच मुलाने हलवावं.

३. नळी टेबलावर ठेवून फेसाकडे बघा. सुरुवातीला बुडबुडे येऊन लगेच फुटतात आणि पाणी गढूळ दिसतं. वरच्या कडेला काचेवर पांढरी रेघ बसते, आत दह्याच्या पाण्यासारखे कण फिरतात. त्यांचं चित्र वहीत काढायला सांगा, कारण प्रयोगातला रसायनाचा भाग तोच आहे.

४. पुन्हा ०.१ मिली, पुन्हा दहा सेकंद. फेस सलग दोन मिनिटं टिकला, पृष्ठभाग पूर्ण झाकलेला राहिला, की थांबा आणि एकूण किती मिली गेलं ते लिहा.

५. थांबल्यावर आणखी ०.१ मिली घालून एकदा हलवून बघा. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, त्यात मधेच फसवा फेस येतो. कॅल्शियम संपल्यावर तो थोडा वेळ उभा राहतो आणि पुढचा साबण पडला की बसतो. बसला तर मोजणी चालू ठेवायची. खरा फेस साबण वाढवला तरी बसत नाही.

थेंब का मोजायचे नाहीत, असं तुम्हाला वाटेल. ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिली हा पाण्याचा हिशेब आहे. साबणाने पाण्याचा पृष्ठताण खूप उतरतो आणि थेंब लहान पडतात, त्यामुळे तो हिशेब इथे लागू होत नाही. सिरिंज अजिबातच मिळाली नाही तर एकच ड्रॉपर शेवटपर्यंत वापरा आणि तिन्ही नळ्यांसाठी मिलीऐवजी थेंबांची संख्या धरा. गुणोत्तर तरीही बरोबर येतं.

वर सांगितलेल्या द्रावणाने २०० मिलिग्रॅमच्या पाण्याला साधारण दीड मिलीच्या आसपास साबण लागायला हवा. तुमच्या साबणाप्रमाणे थोडा कमी-जास्त होईल. नमुन्याला चार मिलीहून जास्त लागू लागला तर साका इतका दाटतो की फेस नीट दिसतच नाही. अशा वेळी ५ मिली नमुन्यात ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून नव्याने मोजा आणि शेवटी उत्तर दुप्पट करा.

आकडा

डिस्टिल्ड वॉटरलाही फेस यायला थोडा साबण लागतोच. तो प्रत्येक वाचनातून वजा करायचा. समजा डिस्टिल्ड वॉटरला ०.३ मिली लागला, प्रमाण पाण्याला १.८ आणि बोअरच्या पाण्याला ३.६. वजाबाकीनंतर प्रमाण पाण्याचे १.५ उरले, बोअरचे ३.३. दीड मिली म्हणजे २०० मिलिग्रॅम, तर ३.३ मिली म्हणजे ४४०. साधं त्रैराशिक. सातवीची मुलं हे करतात, आणि गणिताच्या तासाबाहेर त्रैराशिक कामाला आलेलं त्यांना बहुधा पहिल्यांदाच दिसतं.

सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एका तक्त्यात घ्या. एकाच विहिरीचं पाणी दोन गटांना दिलं असेल तर दोघांच्या आकड्यांत किती फरक पडला तेही बघा. ०.१ मिलीच्या टप्प्याने मोजतोय, म्हणजे १०–१५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे होणारच. ४४० आणि ४२५ यांत भांडण लावू नका.

साधारण वर्गवारी अशी: लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत कठीण, त्यापुढे फार कठीण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

दुसरी तासिका: उकळून बघणे

कठीणपणा दोन तऱ्हांचा असतो. बायकार्बोनेटमुळे आलेला तात्पुरता, उकळल्यावर बराचसा जाणारा. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला कायमचा. ज्या बोअरचा आकडा मोठा आला, तेच १०० मिली पाणी चंचुपात्रात घेऊन दहा-पंधरा मिनिटं उकळा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी पांढरं बसतं. चहाच्या पातेल्याला आणि गिझरच्या कॉइलला बसतो तोच थर. थंड करा, गाळणी कागदातून गाळा.

आता लक्ष ठेवा. उकळताना पाणी उडून गेलं, समजा ७० मिलीच उरलं. ते तसंच मोजलं तर राहिलेले क्षार दाटलेले असतात आणि आकडा फुगतो, कधी कधी तर 'उकळून कठीणपणा वाढला' असं उत्तर येतं. गाळलेल्या पाण्यात डिस्टिल्ड वॉटर घालून ते परत १०० मिली करा, मगच त्यातलं १० मिली घ्या. वरच्याच उदाहरणात उकळलेल्या पाण्याला १.७ मिली साबण लागला तर कठीणपणा १८७ च्या जवळ. म्हणजे ४४० पैकी सुमारे २५३ तात्पुरता होता, उरलेला कायमचा.

वेळ उरला तर उकळलेल्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून, गाळून पुन्हा मोजा. कायमचा कठीणपणाही उतरतो, कारण सोडा कॅल्शियमला कार्बोनेट करून खाली बसवतो. दुसऱ्या पेल्यात तुरटी फिरवून बघायला हरकत नाही. तुरटीने पाणी मऊ होतं असं बरीच मुलं, आणि काही मोठी माणसंही, ठामपणे सांगतात. तुरटी गढूळपणा घालवते, कठीणपणा कमी करत नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा साबणाला सांगू द्या.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पडलेलं पाणी या पद्धतीने मोजू नका. आम्लाने साबण फुटून मेदाम्ल वेगळं होतं, पाणी पांढरं होतं आणि कॅल्शियम नसतानाही कठीण असल्यासारखं वागतं.

मुलं विचारतील ते

"खारं पाणी म्हणजेच कठीण पाणी का?" नाही. मिठातलं सोडियम साक्याला कारण होत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर मीठ टाकून लगेच दाखवा. समुद्राचं पाणी मात्र दोन्ही असतं. त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम इतकं आहे की कठीणपणा लिटरला ६००० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. त्यावर साबण फुकट घालवू नका.

"आमच्या विहिरीचं कठीण आणि धरणाचं मऊ, असं का?" महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर आहे. त्या खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकाच्या भेगांतून फिरताना हे क्षार उचलतं. जितका काळ जमिनीत, तितका भार जास्त. म्हणून खोल बोअरचं पाणी बहुधा उथळ विहिरीपेक्षा कठीण निघतं. धरणात आलेलं पाणी डोंगरउतारावरून वाहून आलेलं, खडकात मुरायला त्याला वेळच मिळालेला नसतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यात चुनखडक आहे, तिथे तर कॅल्शियम सरळ त्यातूनच मिळतं. कोकणात जांभ्याच्या पठारावर उलट, तिथले पाऊस आणि माती दोन्हींनी हे क्षार केव्हाच धुऊन नेलेत, त्यामुळे झऱ्याचं पाणी मऊ असतं.

"कठीण पाणी प्यायल्याने आजार होतो का?" जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. त्रास आहे तो साबण, गिझर, बॉयलर आणि स्वयंपाकाला. अशा पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, हे मुलांच्या आजीला तुमच्याआधी ठाऊक असतं. घरी विचारून यायला सांगा की डाळ शिजायला कोणतं पाणी वापरता, आणि मग त्या उत्तरांशी फळ्यावरचा तक्ता ताडून बघा.

एक गैरसमज मात्र वर्गातून बाहेर जाऊ देऊ नका. भरपूर फेस आला म्हणजे पाणी पिण्यालायक, असं नाही. साबणाला जंतू कळत नाहीत, नायट्रेट कळत नाही, फ्लोराइड कळत नाही. गटाराजवळच्या डबक्यातलं पावसाचं पाणीही सुंदर फेसाळेल.

आकडा पडताळायचा असेल तर

ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा संच असतो, फील्ड टेस्ट किट म्हणून. त्यात कठीणपणाची थेंबांची चाचणी असते. ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब घालायचं आणि पाण्याचा वाईनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. गावच्या जलसुरक्षकांना एक दिवस आधी सांगून वर्गात बोलवा. तोच बोअरचा नमुना त्यांच्या संचाने मुलांसमोर मोजा आणि मुलांच्या आकड्याशेजारी लिहा. फरक मोठा आला तर आधी साबणाचं द्रावण तपासा, मग सिरिंज, मग उकळलेल्या पाण्यात पाणी परत घातलं होतं का ते. तरीही उलगडा झाला नाही तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत नमुना देता येतो. त्यांना किती पाणी लागतं आणि कोणत्या बाटलीत, हे आधी फोन करून विचारा. आणि नमुना त्याच दिवशी भरा ज्या दिवशी मुलांनी मोजायला घेतला. मे महिन्यातल्या बोअरच्या पाण्याचा आकडा सप्टेंबरातल्या आकड्याशी जुळायची अपेक्षा ठेवू नका.